दापोलीत बिऱ्हाड थाटताना

दापोलीचे नाव निघाले की मुंबई-पुण्याच्या माणसाला कर्दे-मुरूडचा किनारा, हर्णैची मासळी आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आठवतो. शनिवार-रविवारपुरते येणाऱ्याला एवढे पुरते. पण ज्याच्या हाती इथल्या नेमणुकीचा कागद पडला आहे, ज्याच्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल आहे आणि ज्याचा जोडीदार आपली नोकरी सोडावी की नाही या विवंचनेत आहे, त्याचे प्रश्न वेगळे असतात. शाळा कशी आहे? मूल रात्री तापाने फणफणले तर कुठे धावायचे? पावसाचे चार महिने कसे जातात? दुसऱ्याने काय काम करायचे? कृषी विद्यापीठामुळे दापोलीत बाहेरगावची कुटुंबे सतत येत असतात आणि त्यातले बहुतेक जण हेच प्रश्न घेऊन येतात.

गाव समुद्रापासून काही किलोमीटर आत, साधारण ८०० फूट उंचीच्या पठारावर वसले आहे. त्यामुळे किनाऱ्यावरचा चिकट उकाडा इथे जरा सौम्य होतो आणि थंडीत पहाटे स्वेटर लागतो. ‘मिनी महाबळेश्वर’ हे नाव त्यातूनच आले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १५ हजारांच्या आसपास होती. एसटी स्टँड, आझाद मैदान, केळस्कर नाका, बाजार, शाळा सगळे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. मुंबईत रोजचे दोन-तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या बापाला इथे ते तास मुलासाठी मिळतात.

हे बाहेरून आलेल्यांचे गाव आहे, आणि तेही फार आधीपासून. १८१८ नंतर इंग्रजांनी इथे लष्करी छावणी बसवली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव अजून पुसले गेलेले नाही. छावणीमागून निवृत्त सैनिकांची वस्ती वाढली. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर इथे राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्धचे आपले लेखन व संघटन त्यांनी इथूनच चालवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. रमाबाई आंबेडकरांचे वणंद गाव याच तालुक्यातले.

छावणीपाठोपाठ मिशनची शाळा आली. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे याच मिशन शाळेत शिकले. पालगडचे साने गुरुजीही दापोलीत शिकायला होते. सुटीत घरी चालत जाणारा त्यांचा श्याम मराठी घराघरांत माहीत आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे मुरूडचे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुर्डीचे. कर्व्यांना १९५८ मध्ये आणि काण्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले. या नावांचा अभिमान तालुक्याला आहेच, पण नव्या कुटुंबाने त्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट पाहावी. कर्वे कोवळ्या वयात परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. काणे मुंबईला गेले, परांजपे पुण्याहून केंब्रिजला. दापोलीने मुलांचा पाया पक्का केला आणि पुढच्या टप्प्यासाठी त्यांना बाहेर धाडले. आज रस्ते आणि साधने बदलली असली तरी हा क्रम फारसा बदललेला नाही.

सध्याच्या दापोलीला आकार दिला तो विद्यापीठाने. १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी राज्याची चार कृषी विद्यापीठे. दापोलीच्या आवारात कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. प्रवेश राज्यभरातून होत असल्याने वऱ्हाडातली, मराठवाड्यातली, खानदेशातली मुले-मुली इथे भाड्याच्या खोल्यांत आणि वसतिगृहांत राहतात. त्यांच्यामुळे झेरॉक्सची दुकाने, खानावळी, रात्री उशिरापर्यंत चालणारे चहाचे ठेले टिकून आहेत. एवढ्याशा गावात एका बाकावर नागपुरी, लातुरी आणि कोकणी हेलाची मराठी ऐकायला मिळते. बाहेरून आलेल्या कुटुंबाला इथे परके वाटत नाही याचे मोठे कारण हेच.

विद्यापीठाचे काम गावाच्या जगण्यात मुरलेले आहे. नीलम आणि हापूसच्या संकरातून इथल्या शास्त्रज्ञांनी ‘रत्ना’ आंबा दिला. रत्ना आणि हापूस यांच्यातून पुढे ‘सिंधू’ आला, ज्याची कोय अगदी पातळ असते. हापूसचे झाड एक वर्ष फळते आणि एक वर्ष रुसते, या जुन्या दुखण्यावर पॅक्लोब्युट्राझोल वापरण्याचे तंत्र विद्यापीठाने बागायतदारांपर्यंत नेले. काजूच्या वेंगुर्ला जाती, भाताच्या रत्नागिरी आणि कर्जत जाती, कोकमाची ‘कोकण अमृता’ या सगळ्यांमागे हेच विद्यापीठ आणि त्याची संशोधन केंद्रे आहेत. पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांत कलमे घ्यायला गर्दी होते. कलम कसे बांधतात, काजूचे बोंड कसे पिळतात, कोकम कसे उन्हात टाकतात, हे इथल्या मुलाला शाळेत जायच्या आधीच बघायला मिळते.

लहान मुलांसाठी दापोली खरोखर उदार आहे. हर्णै बंदरावर होड्या लागल्या की वाळूत मासळीचा लिलाव सुरू होतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यातला हा एक. आसूदच्या पोफळींच्या सावलीतून पाटाच्या कडेने केशवराजाला चढून जाता येते. पन्हाळेकाजीची लेणी आणि उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे झरे तालुक्यातच आहेत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने शेजारच्या वेळास गावात सुरू केलेले कासव संवर्धनाचे काम आंजर्ल्यापर्यंत पोचले आहे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पहाटे-संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. चार वर्षांच्या मुलाला यातले एखादे ठिकाण रविवारच्या एका फेरीत दाखवता येते, तेही दुपारच्या जेवणाला घरी परतून.

शाळांची निवड मात्र मर्यादित आहे, आणि ती मर्यादा मुलाच्या वयाबरोबर जाणवत जाते. मराठी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा गावात आहेत. ए. जी. हायस्कूलसारखी जुनी शाळा आहे. तालुक्यात, लोकमान्य टिळकांच्या पूर्वजांच्या चिखलगावी, डॉ. राजा दांडेकर आणि रेणू दांडेकर यांनी उभी केलेली शाळा खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांसाठी आवर्जून पाहण्याजोगी आहे. बालवाडीपासून दहावीपर्यंत मुलाचे काही अडू नये. कला, वाणिज्य आणि विज्ञानाची महाविद्यालयेही गावात आहेत. पण अकरावीपासून डॉक्टरी-इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षांचे क्लास, एखाद्या वाद्याचे किंवा खेळाचे वरच्या दर्जाचे शिक्षण, मुलाला वाचायला-बोलायला अडचण असेल तर त्यासाठी खास शिक्षक, अशा गरजा निघाल्या की पुणे-मुंबईचा रस्ता धरावा लागतो.

आरोग्याची बाब याहून गंभीर. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आणि खासगी दवाखाने आहेत. सर्दी-ताप, लसीकरण, हातपाय मोडणे यांसाठी गाव सोडायची गरज नाही. मोठे आजारपण आले तर मात्र सावर्ड्याजवळच्या डेरवणचे वालावलकर रुग्णालय किंवा रत्नागिरी गाठावी लागते. डेरवण सुमारे ८० किलोमीटरवर, म्हणजे पावसात दोन तास सहज. गरोदरपणात गुंतागुंत असेल, किंवा मुलाला हृदयाचा, दम्याचा जुना त्रास असेल, तर हे अंतर नकाशावर आधी मोजावे.

कोकणातल्या पालकांना विंचू-फुरशांचीही सवय करून घ्यावी लागते. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी इथली मुले हकनाक दगावत. शेजारच्या महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडते हे दाखवून दिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. उपचार आज हाताशी आहेत, पण वेळेवर पोचले तरच. जांभ्याच्या गडग्याजवळ आणि लाकडांच्या ढिगाऱ्यापाशी मुलांना अनवाणी खेळू न देणे, अंधारात बॅटरी वापरणे, ही इथली रोजची शिस्त आहे.

मग येतो पाऊस. वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मे महिन्यात घरोघरी आगोटीची तयारी चालते. तांदूळ, कडधान्ये, सुकी मासळी, फणसाचे-पोह्याचे पापड, कोकम, लाकूडफाटा सगळे भरून ठेवायचे. शहरातून आलेल्याला ही जुनी रीत वाटते, पण चार दिवस झड लागली आणि वीज गेली की तिचा अर्थ कळतो. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना आणि चामड्याच्या वस्तूंना बुरशी धरते, लहान मुले आठवडाभर घरात कोंडली जातात. एवढे पाणी पडूनही जांभा ते धरून ठेवत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांवर टंचाई येते. घर बघायला येणाऱ्याने विहीर किंवा नळ मे महिन्यात किती चालतो हे आधी विचारावे.

३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगड किनाऱ्याची परीक्षा पाहिली. हर्णै, आंजर्ले, मुरूड, केळशी भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले उडाली, काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. पोफळ नव्याने लावली तर फळायला वर्षे जातात, त्यामुळे ज्यांचे पोट वाडीवर होते त्यांना तो फटका दीर्घकाळ बसला. पगारदार कुटुंब त्यातून लवकर सावरते, आणि गावातल्या या फरकाचे भान बाहेरून आलेल्याने ठेवावे.

दापोलीत तरुण कुटुंब टिकते की नाही, हे पाऊस किंवा शाळा ठरवत नाहीत. ते ठरते दुसऱ्या पगारावर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर घसरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा रिकामा होत होता. हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया हा इथला आकडाही तेच सांगतो: कमावता पुरुष मुंबईत, घर गावात. ज्या गावातून स्थानिक तरुण कामासाठी बाहेर पडतो, तिथे बाहेरून आलेल्या जोडप्यातल्या दोघांना मनाजोगते काम मिळणे अवघड असते. एकाला विद्यापीठ सामावून घेते. दुसऱ्यापुढे शाळा-महाविद्यालये, बँका, पतसंस्था, दवाखाने, पर्यटनाचा धंदा आणि आंबा-काजू-कोकम प्रक्रियेचे छोटे उद्योग एवढेच पर्याय उरतात. बहुतेक वेळा नोकरी सोडते ती बाई. पहिली दोन वर्षे बाळाच्या संगोपनात निघून जातात. मूल शाळेत जाऊ लागले की दुपार रिकामी होते आणि सोडलेले काम आठवू लागते. म्हणून घराचे भाडे किंवा शाळेची फी विचारण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून ही बाब मोकळेपणाने बोलायला हवी. घरून संगणकावर काम करता येत असेल तर वाट सोपी होते. मात्र त्यासाठी इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट हा खर्च गृहीत धरावा लागतो.

लहान गावाचा आणखी एक गुण बाहेरच्याला उशिरा कळतो. २८ जुलै २०१८ रोजी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि ३० जण मृत्युमुखी पडले. शहरात अशी बातमी आकड्यात येते. इथे ते शेजारी होते, सहकारी होते, मुलांच्या वर्गमित्रांचे वडील होते. माणसे एकमेकांच्या इतकी जवळ असतात की दुःख वाटून घ्यावे लागते. हीच जवळीक एरवी बाळंतिणीच्या घरी डबा पोचवते, आणि कोण कधी घरी आले याची नोंदही ठेवते. ज्याला अनामिक राहायला आवडते त्याला तिचा जाच होतो.

खेड हे कोकण रेल्वेचे स्टेशन साधारण ३० किलोमीटरवर आहे आणि मुंबई-पुणे दोन्ही रस्त्याने पाच-सहा तासांवर. आजी-आजोबा त्यातल्या एखाद्या शहरात असतील तर महिन्याकाठी भेट जमते, परभणी-अकोल्याला असतील तर ती दिवाळी-मेवर जाते. सलग सुट्या आल्या की किनाऱ्याकडच्या अरुंद रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि सेकंड होमच्या मागणीने जमिनीचे भाव नोकरदाराच्या आवाक्याबाहेर चालले आहेत.

ज्यांचे मूल दहा वर्षांच्या आतले आहे, ज्यांच्या घरात कुणाला कायम तज्ज्ञ डॉक्टरची गरज नाही आणि दुसऱ्याच्या कामाची काही तरी तजवीज झाली आहे, त्यांनी दापोलीला यावे. मुलाला इतके मोकळे बालपण देणारी गावे आता थोडी उरली आहेत. मात्र गाव पाहायला डिसेंबरात येऊ नये. जुलैत यावे, आठ दिवस राहावे, एकदा मुलाला घेऊन डेरवणपर्यंत जाऊन यावे. बिऱ्हाड आणले तरी पहिली दोन वर्षे भाड्याच्या घरातच काढावीत. मूल दहावीत जाईल तेव्हा इथेच थांबायचे की पुणे गाठायचे, हा हिशेब पुन्हा मांडावा लागणार आहे, आणि जागा घ्यायची की नाही हे त्यावर अवलंबून ठेवावे.