परसदार, कुत्रा आणि अठ्ठावन्न मिलिमीटर

पुण्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर फिल्मचे कॅमेरे अजून सापडतात. कुणाच्या वडिलांचा पेंटॅक्स, कुणाच्या आत्याचा याशिका, कुणाचा जडशीळ रशियन झेनिट. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही घड्याळं आणि कुलपांच्या शेजारी कधीतरी असा कॅमेरा मांडलेला दिसतो. फिल्म गेली तसे हे कॅमेरे निवृत्त झाले. त्यांच्या लेन्सना मात्र दुसरा जन्म मिळाला आहे, आणि त्याचं कारण काही मिलिमीटरांच्या हिशेबात आहे.

लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक जातीच्या कॅमेऱ्यात ठरलेलं असतं. झेनिटसारख्या कॅमेऱ्यांच्या लेन्स ४२ मिमी व्यासाच्या आट्यांनी बसतात आणि त्यांना ते अंतर ४५.४६ मिमी लागतं. निकॉनच्या एसएलआरमध्ये ते ४६.५ मिमी आहे, म्हणून तिथे ही लेन्स नुसत्या कड्याने बसवली की दूरचं दृश्य स्पष्ट होत नाही. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत हेच अंतर खूप कमी असतं. सोनीत १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६ मिमी. उरलेली जागा काच नसलेलं साधं धातूचं कडं, म्हणजे ॲडॅप्टर, भरून काढतं. २००८ साली पॅनासॉनिकने पहिला मिररलेस आणला, २०१३ मध्ये सोनीने फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा आणला, आणि माळ्यावरच्या लेन्स खाली उतरल्या.

हेलिओसची भोवऱ्यासारखी पार्श्वभूमी

या सगळ्यांत सर्वांत प्रसिद्ध झाली ती झेनिटबरोबर येणारी हेलिओस ४४-२. ५८ मिमी, एफ/२, चार गटांत सहा भिंगं. मूळ आराखडा कार्ल झाइसच्या बायोटारचा, विली मेर्टे यांच्या हातचा. महायुद्धानंतर तो सोव्हिएत संघात गेला आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात लेन्स बनू लागल्या. झेनिट लाखांनी खपल्यामुळे ही लेन्सही जगभर पसरली.

तिची ख्याती आहे ती मागच्या पानांच्या गोल फिरत्या नक्षीसाठी. पूर्ण उघड्या ॲपर्चरला चौकटीच्या मध्याकडे येणारा प्रकाश अखंड वर्तुळातून येतो; कडांकडे तिरका येणारा प्रकाश मात्र लेन्सच्या नळीमुळे थोडा कापला जातो. त्यामुळे मागचे प्रकाशठिपके मध्यावर गोल आणि कडेला लिंबाच्या फोडीसारखे निमुळते होतात. सगळ्या फोडी मध्याभोवती फेर धरतात, आणि डोळ्याला पार्श्वभूमी फिरल्याचा भास होतो.

हे घडायला परसदारासारखी जागा नाही. मागे पारिजातक किंवा कढीपत्ता हवा, त्याच्या पानांतून आभाळाचे कवडसे दिसायला हवेत. समजा, फोटो घरच्या कुत्र्याचा काढायचा आहे. कुत्रा आपल्यापासून मीटर-दीड मीटरवर आणि झाड त्याच्या मागे तीन-चार मीटरवर असलं की बेत जमतो. कुत्र्याचं तोंड चौकटीच्या मध्याजवळ ठेवायचं, कारण कडा मऊ असतात. मागे कोरी भिंत असेल तर ही लेन्स अगदी साधी वाटते.

डोळा की नाक?

खरी परीक्षा फोकसची. या लेन्सने एफ/२ वर एक मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण साडेतीन सेंटिमीटरचा असतो. अर्ध्या मीटरवर तो एक सेंटिमीटरही भरत नाही. मध्यम अंगाच्या गावठी कुत्र्याचं नाक डोळ्यांपासून त्याहून लांब असतं. म्हणजे डोळा साधला की नाक विरघळणार. दोन्ही हवे असतील तर एफ/५.६ वर यावं लागतं; तिथे एक मीटरवर पट्टा दहा सेंटिमीटरच्या आसपास जातो. एकच निवडायचं झालं तर डोळा निवडावा.

नवे कॅमेरे प्राण्याचा डोळा आपणहून शोधतात. इथे ते काम आपल्या बोटांचं. त्यावरचा उपाय चित्रपटाच्या सेटवर जुना आहे. कलाकार कुठे थांबणार ते जमिनीवर खुणेने ठरवायचं, टेपने अंतर मोजायचं आणि लेन्स आधीच तिथे लावून ठेवायची. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि १९६० मध्ये तिच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. हाताने फोकस धरण्याची विद्या या शहराला परकी नाही. परसात कुत्र्याच्या जागा ठरलेल्या असतात: सकाळी धुण्याच्या दगडाजवळचं ऊन, दुपारी अळूच्या वाफ्यातली ओल, संध्याकाळी दाराची पायरी. पायरीवर फोकस लावायचा, जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं आणि वाट पाहायची.

कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नाही. म्हणून मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालू देण्याची सोय सुरू करावी आणि स्थिरीकरणासाठी ५८ हा आकडा भरावा. कुत्रा काळा असेल तर कॅमेरा त्याला करडा करू पाहतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवावं. पांढरा असेल तर चढवावं. दिवाळीच्या सुमारास पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. त्याआधीचा तास सर्वांत गोड, पण जुन्या लेपाच्या भिंगावर तिरकं ऊन थेट पडलं तर चित्र धुरकट होतं. तेव्हा हुड लावावा. आणि फटाके वाजू लागले की कॅमेरा बाजूला ठेवून कुत्र्याला घरात घ्यावं.

पावसाळा आणि वही

जुनी लेन्स घेताना तिच्यातून टॉर्च मारून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या पावसाळ्यात ती झपाट्याने वाढते आणि भिंगाचा लेप खाते. चामड्याची केस ओल धरते, म्हणून लेन्स त्यात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावी आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आणि घट्ट झालेली फोकसची रिंग, हेही तपासून घ्यावं.

आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे. या लेन्सने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ॲपर्चरची नोंद होत नाही, म्हणून वही ठेवावी लागते: तारीख, वेळ, ॲपर्चर, कुत्रा कुठे बसला होता, मागे कशाला बहर होता. पुण्यातले बंगले आणि वाडे पुनर्विकासात जात आहेत आणि त्यांच्याबरोबर परसदारंही. घराच्या दर्शनी बाजूचे फोटो घरोघरी असतात. मागच्या बाजूचे, धुण्याच्या दगडाचे, पायरीवर बसलेल्या कुत्र्याचे क्वचितच असतात. ज्यांच्याकडे आज परसदार आहे, त्यांनी या दिवाळीपासून ते काम हाती घ्यावं.