धांवण्याची तपश्चर्या

आमच्या देवरीसारख्या पूर्व विदर्भाच्या टोकावरील गांवीं पहाटे रस्त्याच्या कडेनें धांवणारीं मुलें दिसतात. बहुतेकांची दृष्टि पोलीस वा सैन्याच्या भरतीवर असते. सुशिक्षित घरांत मात्र धांवणें म्हणजे अभ्यासाच्या वेळेचा अपव्यय, ही समजूत अद्यापि गेलेली नाहीं. मूल गणितांत मागें पडलें तर आपण तत्काळ शिकवणी लावतों. जिना चढतांना त्यास धाप लागली तर कोणासच कांहीं वाटत नाहीं. अशा घरांतील वडीलधाऱ्यांनीं श्री. अविनाश साबळे यांचें चरित्र मुलांस अवश्य सांगावें.

बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत मांडवा या गांवीं १३ सप्टेंबर १९९४ रोजीं त्यांचा जन्म झाला. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सुमारें सहा किलोमीटर दूर व वाहनाची सोय नाहीं. तेव्हां कधीं चालत, कधीं धांवत शाळा गांठावयाची. बारावीनंतर ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्यें दाखल झाले. सियाचीनचें हिम व राजस्थानचें वाळवंट दोन्ही त्यांनीं अनुभविलें. २०१५ च्या सुमारास ते सैन्यांतील क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरूं लागले. पुढें प्रशिक्षक अमरीशकुमार यांनीं त्यांस स्टीपलचेसकडे वळविलें. विशी गांठेपर्यंत या पुरुषाच्या अंगचा गुण कोणासच ठाऊक नव्हता!

ही शर्यत तीन हजार मीटरांची. तींत अठ्ठावीस अडथळे व सात वेळां पाण्याचा खड्डा, मिळून पस्तीस उड्या. पुरुषांचा अडथळा तीन फूट उंच व इतका वजनदार कीं, धक्का लागल्यास तो पडत नाहीं, धांवणारा पडतो. दमलेल्या पायांनीं प्रत्येक उडीचें अंतर अचूक जोखावें लागतें. यास्तव छातीच्या दमाइतकीच येथें बुद्धीचीहि कसोटी लागते.

२०१८ सालीं भुवनेश्वर येथें ८ मिनिटें २९.८० सेकंद वेळ देऊन साबळे यांनीं गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीचीं तिन्ही पदकें केनियाच्याच वीरांनीं नेलीं होतीं. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें साबळे यांनीं रौप्यपदक मिळवून ती मालिका खंडित केली. सुवर्ण हुकलें तें अवघ्या पांच शतांश सेकंदानें. पापणी लवण्यासहि याहून अधिक वेळ लागतो. २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत मात्र सुवर्ण हातीं आलें.

जुलै २०२४ मध्यें पॅरिस येथें त्यांनीं ८ मिनिटें ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पुढील महिन्यांत त्याच नगरींत ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत ते अकरावे आले. या शर्यतीची अंतिम फेरी गांठणारे ते पहिले भारतीय पुरुष. २०२५ च्या मे महिन्यांत ते आशियाई विजेते झाले आणि जुलैमध्यें मोनाको येथें धांवतांना गुडघ्याचा अस्थिबंध दुखावून शस्त्रक्रियेची पाळी आली. यशाच्या पाठोपाठ आपत्ति कशी उभी असते, हेंहि मुलांस सांगावें. केवळ पदकांची यादी म्हणजे चरित्र नव्हे.

कोणी म्हणेल, हें पुरुषांचें काम. सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्याच्या श्रीमती ललिता बाबर यांनीं २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकांत याच शर्यतीची अंतिम फेरी गांठून दहावा क्रमांक मिळविला, हें त्यांस उत्तर पुरेसें आहे.

साबळे यांचा गुण सैन्यांत गेल्यामुळें उघडकीस आला. न गेले असते तर? आमच्या रस्त्यावर धांवणाऱ्या मुलांत असा कोणी असेल, तर भरतीची चाचणी संपतांच त्याचें धांवणेंहि संपेल. शाळेंत एक घड्याळ, एक मोजलेलें अंतर आणि महिन्यास एकदां वेळ नोंदणारा एक शिक्षक, एवढें झालें तरी गुण लपून राहणार नाहीं. आणि घरच्या मुलामुलींस पहाटेचा अर्धा तास मोकळा द्यावा. त्यांतून सगळेच विजेते होणार नाहींत. पण जिना चढतांना धाप तरी लागणार नाहीं.