उरलेलं ऐकणं जपताना

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत चिखली-मेहकरकडच्या एखाद्या वाडीत मळणीयंत्र सुरू झालं की मूल तिकडे मान वळवतं. घरचे म्हणतात, ‘ऐकू येतं की याला!’ तेच मूल मागून हाक मारली तर वळत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

आतल्या कानातला कॉक्लिया हा भाग शंखासारखा अडीच वेढ्यांचा असतो. उंच, बारीक आवाज त्याच्या तोंडाशी ओळखले जातात; खोल, घुमणारे आवाज शेवटच्या वेढ्यात. बहुतेकदा तोंडाकडच्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी आधी मरतात. मग यंत्राची घरघर कळते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि बोलणं उमगत नाही. आतल्या वेढ्यात तगलेलं हे ऐकणं म्हणजे उरलेली श्रवणशक्ती. ऐकण्याच्या साध्या बेरा तपासणीत मुख्यतः उंच आवाजांचाच अंदाज येतो. ‘बेरामध्ये काहीच आलं नाही’ एवढ्यावर थांबू नये. वेगवेगळ्या पट्टीचे आवाज तपासणारी एएसएसआर चाचणीही मागावी.

श्रवणयंत्र पुरेनासं झालं की कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. त्यात इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लियात सरकवतात. अडचण अशी, की ती त्याच नाजूक जागेतून जाते. खालच्या द्रवभरल्या कप्प्यातून ती पुढे जाते आणि तिच्या वरच्याच पडद्यावर केसपेशी बसलेल्या असतात. तार घाईने ढकलली तर द्रवाचा दाब वाढतो. टोक वर घुसलं तर पडदा फाटतो, दोन कप्प्यांतले वेगळे द्रव मिसळतात आणि पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आत गेलेलं रक्त किंवा हाडाचा भुगा सूज आणतो, पुढे व्रणाची गाठ बनते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनीही ऐकणं घटू शकतं.

जर्मनीतल्या अर्न्स्ट लेनहार्ट यांनी 1993 मध्ये मऊ हाताने करायच्या शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. कॉक्लिया उघडण्याआधी रक्त आणि भुगा स्वच्छ करायचा, आतला द्रव सक्शनने ओढायचा नाही, तार सावकाश सरकवायची. आज अनेक सर्जन कॉक्लियाच्या तोंडाशी असलेल्या गोल खिडकीच्या पडद्यातूनच आत शिरतात, लवचीक तार वापरतात आणि सूज रोखायला स्टिरॉइड देतात. काही ठिकाणी तार जातानाच कानाला आवाज देऊन आतला विद्युत प्रतिसाद मोजतात. तो प्रतिसाद घटला की हात थांबतो.

तारेची लांबी हा खरा पेच आहे. आखूड तार आतले वेढे शाबूत ठेवते, पण पुढे उरलेलं ऐकणं गेलं तर ती अपुरी पडू शकते. वाढत्या आजारात लांब तार शहाणपणाची, असं मला वाटतं. निर्णय मात्र सर्जन आणि ऑडिओलॉजिस्टबरोबर बसूनच घ्यावा.

ऐकणं टिकलं तर खोल आवाज श्रवणयंत्रातून आणि उंच आवाज इम्प्लांटमधून, एकाच कानात देता येतात. फ्रँकफर्टच्या क्रिस्टोफ फॉन इल्बर्ग यांच्या गटाने हे 1999 मध्ये मांडलं. गोंगाटात बोलणं आणि संगीतातले सूर त्यामुळे अधिक नीट कळतात. हमी कोणीच देऊ शकत नाही.

अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलाच्या ऐकण्याबद्दलची शंका जरूर सांगा. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांच्या इम्प्लांटला मदत मिळते. तिचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था पाहते. शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत श्रवणयंत्र काढून ठेवू नका, सगळे ऑडिओग्राम एका फाइलमध्ये जपा, आणि सर्जनला आधीच विचारा: माझ्या मुलाचं उरलेलं ऐकणं वाचवायला तुम्ही काय करणार आहात?