'तीन वार' म्हणायला कोणी नसते तेव्हा

रविवारची रात्र. एका जुन्या चावीच्या घड्याळाचा ऑनलाइन लिलाव दहा वाजता संपणार आहे. एचएमटी 'जनता', पट्टा तुटलेला, काचेवर दोन ओरखडे. एका ग्राहकाने दुपारीच २,००० रुपयांची कमाल बोली टाकून ठेवली आहे. नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत तोच पुढे आहे आणि भाव आहे १,६००. शेवटचे सहा सेकंद उरलेले असताना तिसऱ्याच कोणाची तरी बोली येते, २,६०० रुपयांची. पडद्यावरचा आकडा २,०५० वर जातो आणि लिलाव बंद होतो.

ग्राहक चिडतो. एक मिनिट मिळाले असते तर त्याने २,४०० पर्यंत ताणले असते. तिकडे विकणाराही खूश नाही. दोघांत चुरस झाली असती तर घड्याळ २,४५० ला गेले असते. त्याचे ४०० रुपये सहा सेकंदांत बुडाले. दोघांनाही वाटते, आपल्याला कोणीतरी फसवले. प्रत्यक्षात कोणीही नियम मोडलेला नाही. गडबड आहे ती नियमातच.

उदाहरण काल्पनिक आहे, पण असे लिलाव रोज होतात. ऑनलाइन लिलावांचा अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. घेणारा आणि विकणारा यांच्यातल्या भांडणाचे मूळ माणसांच्या लबाडीत जितके असते, त्याहून जास्त ते लिलावाच्या रचनेत असते. रचना बदलली की तीच माणसे वेगळी वागतात.

काटा थांबत नाही

सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिडयार या तरुणाने कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे 'ईबे' झाले. तिथे विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या वस्तूंपैकी एक होता बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला.

ईबेची पद्धत अशी: तुम्ही तुमची कमाल रक्कम सांगायची, ती गुप्त राहते आणि यंत्र तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. म्हणजे जिंकणारा स्वतःची कमाल रक्कम देत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी जास्त देतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये अशा लिलावाचे गणित मांडले होते. आपल्याला वस्तूची जी खरी किंमत वाटते, तीच बोली लावणे यात सर्वांत शहाणपणाचे असते. कमी लावली तर वस्तू हातची जाते, जास्त लावली तर पस्तावा होतो. विक्री यांना १९९६ मध्ये नोबेल मिळाले आणि घोषणेनंतर अवघ्या तीन दिवसांत त्यांचे निधन झाले.

माणसे मात्र तसे वागत नाहीत. आधी थोडे लावायचे आणि कोणी पुढे गेला तर वाढवायचे, हा आपला स्वभाव. ज्याला हा स्वभाव ठाऊक आहे, तो शेवटच्या क्षणापर्यंत गप्प राहतो आणि समोरच्याला वाढवायला वेळच देत नाही. इंग्रजीत याला 'स्नायपिंग' म्हणतात, म्हणजे दबा धरून नेम साधणे.

ऑल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि अ‍ॅमेझॉनचे त्या काळचे लिलाव शेजारी ठेवून पाहिले. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद व्हायचा. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढायची. बाकी पद्धत जवळपास सारखीच. तरीही ईबेवर संगणकांच्या ४० टक्के आणि पुराणवस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत अखेरची बोली शेवटच्या पाच मिनिटांत आली होती. अ‍ॅमेझॉनवर हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

आपल्याकडे लिलाव पुकारणारा 'एक वार, दोन वार' म्हणून सभोवार नजर फिरवतो आणि मगच 'तीन वार' म्हणतो. ती नजर म्हणजे मागे राहिलेल्याला दिलेली संधी. अ‍ॅमेझॉनने ती यंत्रात घातली होती, ईबेने घातली नव्हती.

या आकड्यांत आणखी एक खूण आहे. संगणकापेक्षा पुराणवस्तूंत दबा धरणारे जास्त का? कारण संगणकाची किंमत कोणालाही कळते, जुन्या फुलदाणीची फक्त जाणकाराला कळते. जाणकाराने लवकर बोली लावली की वस्तू अस्सल आहे हे सगळ्यांना समजते. म्हणून त्याचे ज्ञानच त्याला गप्प बसवते.

भाव उघडा, माल झाकलेला

बैलबाजारात अजूनही रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवतात. भाव झाकलेला असतो, पण बैल उघड्यावर उभा असतो. घेणारा त्याचे दात मोजतो, खूर पाहतो, दोन पावले चालवून बघतो. ऑनलाइन लिलावात हे बरोबर उलटे होते. भाव साऱ्या जगाला दिसतो आणि माल फक्त विकणाऱ्याला.

त्या 'जनता' घड्याळाकडेच पाहा. जुन्या घड्याळांची डायल नव्याने रंगवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. फोटोत ती डायल चकचकीत दिसते. पार्सल उघडून भिंग लावले की अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा वाकड्या दिसतात. संग्राहकाच्या लेखी त्या घड्याळाची किंमत तिथेच उतरते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन याचा पुढचा परिणाम दाखवला. अस्सल कोणते हे कळत नसेल तर ग्राहक सगळ्यांनाच कमी भाव देतो, मग अस्सल माल असलेला बाजारातून निघून जातो. म्हणजे एकाच्या लपवाछपवीची किंमत प्रामाणिक विक्रेत्यालाही मोजावी लागते.

विकणाऱ्याचे दुःखही खरे आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि बाकीच्यांना ते विकत घेण्याची मुभा दिली. मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती, तरी मालकांची मागणी साधारण ५.२५ डॉलर होती. घेणारे अडीच डॉलरच्या आसपास थांबले. वस्तू आपली झाली की ती आपल्या नजरेत मोठी होते. वडिलांचे घड्याळ लिलावात ठेवणाऱ्याला २,०५० हा आकडा अपमानासारखा का वाटतो, याचे उत्तर या मगांत आहे.

जिंकणाराही सुखी असतोच असे नाही. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच बहुधा जिंकतो आणि जिंकूनही तोट्यात जातो. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात.

शेऱ्याला शेरा

अनोळखी माणसांत विश्वास यावा म्हणून ईबेने १९९६ मध्ये परस्परांना शेरे देण्याची सोय केली. चांगल्या नावाला खरोखरच किंमत असते. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच विक्रेत्याने सारखी जुनी पोस्टकार्डे आपल्या नावाजलेल्या खात्यावरून आणि अगदी नव्या खात्यांवरून विकली. नावाजलेल्या खात्याला सरासरी ८.१ टक्के जास्त भाव मिळाला.

पण शेरे खरे होते का? १९९९ च्या व्यवहारांत खरेदीदारांचे ९९ टक्क्यांहून जास्त शेरे चांगले होते. इतकी तृप्ती कुठल्याच बाजारात नसते. कारण उघड होते. तुम्ही मला वाईट म्हणालात तर मीही तुम्हाला वाईट म्हणेन, या भीतीने चिडलेला ग्राहक गप्प राहायचा. २००७ मध्ये ईबेने खरेदीदारांसाठी निनावी गुणांची सोय आणली. २००८ मध्ये विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी वाईट शेरा देण्यास बंदीच केली. ग्राहक मोकळे झाले. पण बोली जिंकून पैसे न देणाऱ्यांचा छळ सोसणारे विक्रेते संतापले आणि त्यांचा संताप रास्त होता. एका बाजूची भीती घालवताना दुसऱ्या बाजूचे हत्यार काढून घेतले गेले होते.

जाहीर सूचनांच्या पानावर

मुंबईची 'बाझी डॉट कॉम' २००४ मध्ये ईबेने विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. ऑनलाइन लिलाव मात्र इथेच आहेत. वर्तमानपत्रातले जाहीर सूचनांचे पान काढा. थकीत कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेली घरे आणि गाळे ई-लिलावाने विकले जातात. त्या बारीक अक्षरांत वर सांगितलेले सगळे शास्त्र आहे. शेवटच्या मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटांची मुदतवाढ, म्हणजे 'तीन वार'. 'इसारा अनामत रक्कम' आधी भरा, म्हणजे बोली लावून पळणाऱ्याला आळा. आणि 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे', म्हणजे माल पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी तुमची.

म्हणून बोली लावण्याआधी नियम वाचा. लिलाव संपतो कसा, पैसे बुडाले तर दाद कुठे, वस्तू परत करता येते का, हे आधी पाहा. आपली कमाल रक्कम शांतपणे ठरवून कागदावर लिहा आणि ती ओलांडू नका. विकत असाल तर घड्याळाच्या ओरखड्याचा फोटो सर्वांत आधी लावा. आणि लिलाव चालवणाऱ्यांना एवढीच विनंती, की घड्याळाच्या काट्याला थोडे थांबायला शिकवा. एका बोलीमागे पाच मिनिटे थांबल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.