वाढलेल्या हाडावरचा आळ
लेखमाला : पायांची दुखणी – लेखांक ६

मागच्या आठवड्यात टाचेमागच्या जाड शिरेबद्दल वाचलंत. आता टाचेच्या खाली.

हे दुखणं ओळखायला फारशा तपासण्या लागत नाहीत. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला सणकून कळ येते. मोरीपर्यंत लंगडत जावं लागतं. दहा-पंधरा मिनिटांत पाय ‘मोकळा’ होतो. बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. मग एक्स-रे निघतो, टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसतं आणि घरीदारी सांगितलं जातं, ‘हाड वाढलंय.’

बिचाऱ्या हाडावर हा आळ उगाच येतो. टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेत असं टोक सापडतं, आणि टाच दुखणाऱ्या पुष्कळांच्यात सापडत नाही. दुखणं बरं झालं तरी टोक तिथेच असतं. म्हणून ‘हाड विरघळवणाऱ्या’ औषधांवर पैसे घालवू नयेत, असं मी स्पष्टच म्हणेन.

दुखतो तो प्लांटर फेशिया. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात पसरलेला हा चिवट पट्टा. बसल्या बसल्या पायाचा अंगठा हाताने वर ओढून पाहा, तळव्याची कमान उचलली जाते आणि कातडीखाली पट्टा ताठ झालेला बोटाला लागतो. रहाटाला दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसंच हे. हिक्स यांनी १९५४ साली ही रचना मांडली. चालताना टाच उचलली आणि बोटं वाकली की दर पावलाला हा दोर ताणला जातो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं आणि पट्टा सैल असतो. सकाळी अंगाचा सगळा भार त्याच्यावर एकदम पडतो.

या दुखण्याला ‘प्लांटर फेशिआयटिस’ म्हणतात; नावात ‘आयटिस’ असल्यामुळे ही सूज आहे असं वाटतं. पण लेमाँट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने तपासले, तेव्हा त्यांना दाहाऐवजी झिजलेले, विस्कटलेले तंतू दिसले. तेव्हा वेदनाशामक गोळीने चार दिवस बरे जातील, तंतू मात्र सुधारणार नाहीत.

हे होतं कुणाला? वजन वाढलेलं, पोटऱ्या आखडलेल्या, दिवसभर उभ्याचं काम. ओट्यापाशी असो की वर्गात फळ्यापाशी. आणि एकदम वाढवलेलं चालणं. एरवी रिक्षाने भाजी आणणारी माणसं पालखीबरोबर दिवसाला १५-२० किलोमीटर चालतात, तेव्हा पाय कुरकुरणारच.

मग करायचं काय? उठण्याआधी, पाय जमिनीला लावण्यापूर्वी, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं नडगीच्या दिशेने ओढा, १० सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा.

दुसरा व्यायाम अधिक महत्त्वाचा. पायरीच्या कडेवर उभं राहून बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, कठड्याला धरायचं आणि एका पायावर टाच उचलायची: वर जायला ३ सेकंद, वर थांबायला २, खाली यायला ३. हे एक दिवसाआड. पुढे पाठीवर पुस्तकांची सॅक घेऊन भार वाढवत न्यायचा. रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये नुसत्या ताणण्याच्या व्यायामाशी याची तुलना केली. तीन महिन्यांनी भाराचा गट स्पष्टपणे पुढे होता. वर्षाने दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे हा चमत्कार नाही, पण लवकर आराम कुणाला नको असतो? करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली, तर मात्र भार कमी करा.

घरात चपला न घालण्याची आपली रीत आणि गुळगुळीत टणक टाइल्स या टाचेला मानवत नाहीत. घरापुरता वेगळा मऊ जोड ठेवा, देवघराबाहेर काढा. बुटात घालायच्या तयार गाद्या पुरतात; मापाच्या महागड्या गाद्यांनी फारसा जास्त फरक पडत नाही.

तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकणाऱ्या आजींना मी थांबवत नाही, बरं वाटतं. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी मात्र वीट, बर्फ दोन्ही टाळावं; भाजलेलं कळतही नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान जातात. पण टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा, क्वचित पट्टाच तुटण्याचा धोका असतो. पहिल्याच भेटीत कुणी सुई पुढे केली, तर व्यायामाचं काय, असं विचारा. बहुतेक जण शस्त्रक्रियेविना वर्षभरात बरे होतात, आणि काहींना ते सगळं वर्ष लागतं.

प्रत्येक टाचदुखी या पट्ट्याची नसते. मुंग्या येणं किंवा आग होणं, रात्री आडवं असतानाही ठणकणं, सूज, ताप, किंवा तरुण वयात दोन्ही टाचा दुखणं आणि सकाळी कंबर तासभर आखडणं, यांपैकी काही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दोन्ही टाचा आणि कंबर या जोडीबद्दल पुढच्या आठवड्यात.