खुर्चीवरचा माणूस : एकपात्री प्रयोगातला ह्यूई न्यूटन

एकपात्री म्हटलं की आपल्याला ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवतं. एक नट आणि पन्नासच्या वर पात्रं! आज आपण जो प्रयोग समजून घेणार आहोत, त्याचा प्रकार उलटा आहे. इथे एक नट आणि एकच माणूस. पण त्या एका माणसाच्या आत किती माणसं आहेत, हा प्रश्न आहे.

प्रयोगाचं नाव ‘अ ह्यूई पी. न्यूटन स्टोरी’. लेखन आणि अभिनय रॉजर ग्वेनव्हर स्मिथ यांचा. रंगभूमीवर तो गाजला आणि २००१ साली स्पाइक ली यांनी तो प्रेक्षकांसमोरच चित्रित केला.

आधी न्यूटन कोण, ते थोडक्यात पाहू. जन्म १९४२, लुईझियाना राज्यातला. वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. शाळेचा दाखला हातात पडला तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हतं. मग प्लेटोचं ‘रिपब्लिक’ पुन्हा पुन्हा वाचत तो स्वतःच वाचायला शिकला. १९६६ च्या ऑक्टोबरात त्याने बॉबी सील यांच्यासह ब्लॅक पँथर पार्टी काढली. कृष्णवर्णीयांना अडवणाऱ्या पोलिसांवर हे तरुण लक्ष ठेवायचे. हातात भरलेली बंदूक आणि सोबत कायद्याचं पुस्तक. उघडपणे बंदूक बाळगणं तेव्हा तिथे कायदेशीर होतं. पँथर्समुळेच १९६७ मध्ये तो कायदा बदलला गेला. याच पक्षाने १९६९ पासून गरीब मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर १९६७ मध्ये एका चकमकीत जॉन फ्रे हा पोलीस मारला गेला, न्यूटन स्वतः पोटात गोळी लागून जखमी झाला. त्याला शिक्षा झाली, वरच्या न्यायालयाने १९७० मध्ये ती रद्द केली, पुढच्या दोन खटल्यांत ज्यूरीचं एकमत झालं नाही. १९७४ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला. तो क्यूबाला निघून गेला, १९७७ मध्ये परतला. तिथेही दोषी ठरला नाही. १९८० मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता, सरकारने पँथर्सवर केलेलं दमन. आणि १९८९ मध्ये, व्यसनाने पोखरलेला असताना, ज्या ओकलंडमध्ये चळवळ उभी केली तिथल्याच रस्त्यावर त्याचा खून झाला. वय ४७.

असा माणूस रंगमंचावर आणायचा कसा? सोपे रस्ते दोन होते : पुतळा उभा करा, नाहीतर गुन्हेगाराची फाईल वाचा. स्मिथ यांनी दोन्ही टाळले.

न्यूटनचं एक छायाचित्र जगभर पोहोचलं होतं. वेताच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसलेला, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात भाला. जणू सिंहासनच. प्रयोगातही खुर्ची आहे, पण साधी. समोर मायक्रोफोन, हातात सिगारेट. पाय सतत हलतोय, आवाज चिरका, बोलणं भरधाव. न्यूटन खरोखरच सभा जिंकणारा वक्ता नव्हता, गर्दीसमोर अवघडायचा. म्हणजे नट इथे पोस्टर बाजूला ठेवतो आणि त्यामागचा अस्वस्थ माणूस दाखवतो. शब्द मुख्यतः न्यूटनच्याच मुलाखती आणि लेखनातून घेतलेले.

मग कॅमेऱ्याने काय भर घातली? नाट्यगृहात मागच्या रांगेला नटाच्या कपाळावरचा घाम दिसत नाही. इथे तो दिसतो. मध्येच त्या काळातली खरी दृश्यं येतात, आणि आठवण व इतिहास शेजारी शेजारी उभे राहतात. समोरचे प्रेक्षकही दिसतात. त्यांच्याकडे बघताना आपल्याला वाटतं, आपणही या चौकशीत बसलोय.

हे आपल्याला जवळचं का? १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती याच पँथर्सचं नाव घेऊन. पोस्टर आपल्यापर्यंतही पोहोचलं होतं. आपल्याकडेही चळवळीतल्या माणसांचं आपण तेच करतो : एक तर हार घालतो, नाहीतर त्यांच्या चुका मोजून चळवळच निकालात काढतो.

आम्हाला वाटतं, या प्रयोगाचं मोल इथे आहे. न्याहारी खाल्लेली मुलं खरी होती आणि मेलेली माणसंही खरी होती. एकाने दुसरं पुसलं जात नाही. इंग्रजी शीर्षकातला तो छोटा ‘अ’ तेच सांगतो : ही न्यूटनची ‘एक’ गोष्ट आहे, शेवटची नव्हे. चित्रपट पाहाल तेव्हा निकाल द्यायची घाई करू नका. आधी त्या माणसाचं बोलणं पूर्ण ऐका, आणि तो कुठे गप्प होतो तेही बघा.