एका खुंट्याला दोघींचे हात

दोघांनी मिळून गायिलेले गाणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातील नायक-नायिका येतात. परंतु आपल्याकडे दोन बायकांनी मिळून गाण्याची रीत चित्रपटाहून फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ही कल्याणी म्हणजे आपल्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. कांडणाची ती ओवी दळणाचीही सोबतीण होती.

ही ओवी दोघींची का झाली, हे जात्याकडे पाहिले की कळते. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. वरच्याला लाकडी खुंटा. ज्वारीचे दळण एकटीने ओढणे म्हणजे छाती भरून येण्याचे काम. म्हणून दोघी समोरासमोर बसत, एकच खुंटा धरीत. एकीने ओढायचे, दुसरीने लोटायचे, आणि मोकळ्या हाताने जात्याच्या तोंडात घास टाकायचा. गाण्याचीही तशीच वाटणी. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची; तेवढ्यात पहिलीला दम घेता येई आणि पुढची ओळ आठवता येई. कामाची वाटणी हीच गाण्याची रचना झाली.

समोर बसलेली बाई जाऊ असे, नणंद असे, कधी शेजारीण. माहेरची आठवण, भावाची वाट, सासरचा जाच, सीतेचा वनवास, पंढरीचा विठ्ठल, पुढे बाबासाहेब आंबेडकर, हे सारे ओवीत आले. जे चारचौघांत बोलण्याची सोय नव्हती, ते गाऊन सांगता येई. कामगारांच्या सभेत बोलण्याचे धाडस येते ते शेजारी बसलेल्या दुसऱ्या कामगारामुळे. हे त्याच जातीचे.

पहाटेचे हे दळण आटोपून बाई रोजगाराला जाई. मजुरीच्या कोणत्याही वहीत ते दळण चढले नाही. पिठाची गिरणी आली आणि हे कष्ट सुटले. जाते परत यावे, असे मी म्हणणार नाही. पण ओव्या मात्र जात्याबरोबर अडगळीत जाऊ नयेत.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातही ते 1996 साली झाले. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या सर्वांना ऐकता येतात. त्यांतील मोलाची गोष्ट ही, की ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिलेले आहे. ‘पारंपरिक’ असा एकच शिक्का मारला की गाणे राहते आणि बाई पुसली जाते.

मुरुड आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांत जात्यावर बसलेल्या आज्या अजून आहेत. त्यांच्या गाण्याची तबकडी कोणी काढील तर दोघींचीही नावे त्यावर असावीत, मोबदलाही दोघींना मिळावा; पहिली ओळ म्हणणारीला आणि ती उचलणारीलाही. आणि मुद्रण करताना दोघींना समोरासमोर बसवावे. एकटीला बसविले तर ओवी अर्धीच हाती लागेल.